आमच्याच नावाची ‘डॉट इन’ परत मिळवताना

सोलापुरात शेंगा चटणी विकणारे कमी नाहीत. आम्ही त्यातलेच. दुकान आजोबांनी काढलं, आता काका बघतात. ऑनलाइन ऑर्डरी, जीएसटी, पाकिटांची छपाई असलं सगळं माझ्याकडे असतं. दुकानाचं नाव म्हणजे आमचं आडनाव आणि पुढे ‘चटणी’. इतकं साधं नाव असण्याचा कायद्यात केवढा त्रास होतो, हे मला २०२४ च्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर लातूरहून एका तरुणाचा फोन आला. एजन्सीची रक्कम भरली, आता माल कधी पाठवताय? आम्ही एजन्सी कुणालाच देत नाही. त्याने लिंक पाठवली. आमची वेबसाइट डॉट कॉमवर आहे, ही डॉट इनवर होती. बाकी अक्षरन् अक्षर तेच. आमचा लोगो, आमच्या पाकिटांचे फोटो, पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, कुठल्याशा बिलावरून उचललेला जीएसटी नंबर. ‘संस्थापक’ म्हणून काकांचा फोटो, व्यापाऱ्यांच्या सत्कारातला, शाल-श्रीफळासकट. खाली फॉर्म: जिल्हा निवडा, नोंदणी शुल्क भरा. नोंदणीनंतर अनामत, अनामतीनंतर करारनाम्याचा खर्च. सोशल मीडियावर याच नावाचं, काकांच्या फोटोचं पानही होतं. त्या मुलाने पहिले दोन हप्ते भरून टाकले होते.

काका म्हणाले, “फोटो तरी बरा निवडलाय.” पण नंतर कितीतरी दिवस ते अनोळखी नंबर उचलत नव्हते, आणि दिवाळीत आमच्या धंद्याला ते परवडत नाही.

ओळखीतून पुण्याच्या एका वकीलबाई मिळाल्या. इंटरनेट आणि ट्रेडमार्क हेच त्यांचं काम. पहिल्याच फोनवर त्यांनी बजावलं, समोरच्याला फोन करून दम देऊ नका, साइट बंद करून तो पळेल आणि तुमच्या हातात काहीच राहणार नाही. आणि दुसरं: गेलेले पैसे, सोशल मीडियावरचं पान आणि वेबसाइटचं नाव ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. पैशांचं पोलीस बघतात, पानाचं ती कंपनी बघते, नावाचा निवाडा तिसरीकडेच होतो. सगळं एका अर्जात मागितलंत तर प्रत्येक जण तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवेल.

पुरावा गोळा करणं हे मला वाटलं त्याहून किचकट निघालं. स्क्रीनशॉट मी आधीच काढले होते, पण त्यात वर पत्ता दिसत नव्हता, कोपऱ्यात तारीख-वेळ नव्हती. ते सगळं परत काढलं. प्रत्येक पान, फॉर्मची प्रत्येक पायरी, पैसे भरायचा क्यूआर कोड, खातेदाराचं नाव. पानं इंटरनेट अर्काइव्हवर जतन केली, म्हणजे ‘हे तुम्हीच बनवलं असेल’ असं कुणाला म्हणता येणार नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी आणि कुठल्या कंपनीकडून घेतलं, याची हूइज नोंद छापून ठेवली. डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी हा आकडा बदलतो. वकीलबाईंनी आमच्याकडून हे सुरुवातीलाच करून घेतलं.

पोलीस ठाण्यात जो संवाद झाला तो तसाच सांगते.

“तुमचे किती गेले?”

“आमचे पैसे नाही गेले.”

“मग तुमचं काय गेलं?”

काका म्हणाले, “नाव गेलं, साहेब.”

साहेब हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल यांचा तातडीचा भाग ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी आहे. तक्रार लवकर पोचली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येते. म्हणून लातूरच्या मुलाला आम्ही त्याच दिवशी तिथे फोन करायला लावला. त्याची सगळी नाही, पण काही रक्कम अडकली. आमची तक्रार निराळी नोंदली गेली: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क, म्हणजे ओळख चोरणं, आणि ६६ड, म्हणजे संगणकाच्या मदतीने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. त्यामुळे आधी ज्यांनी सगळं ऐकून घेतलं त्यांच्याकडून प्रकरण वर गेलं, आणि आम्ही सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सोशल मीडियावरचं पान त्या मानाने पटकन गेलं, पण पहिल्या मार्गाने नाही. ट्रेडमार्कच्या फॉर्मवरून तक्रार केली तर ‘अधिक माहिती द्या’ असं ठरावीक उत्तर. मग काकांनी स्वतःच्या नावाने तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहिलं की हा माझा चेहरा आहे, हे पान माझं नाही. २०२१ च्या आयटी नियमांत तोतयेगिरीच्या तक्रारीवर, ती त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी केलेली असेल तर, २४ तासांत कारवाई करायची तरतूद तेव्हा होती. दुकानाच्या नावाने जे हललं नाही ते माणसाच्या चेहऱ्याने हललं. वकीलबाई म्हणाल्या, २०२४ च्याच जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, तेव्हा चेहरा-आवाज हीसुद्धा माणसाची मालमत्ताच आहे. काका म्हणाले, “ते गायक. मी चटणीवाला. माझ्या आवाजाला कोण विचारतंय!”

वेबसाइट मात्र तशीच चालू होती. डोमेन विकणाऱ्या कंपनीला लिहिलं, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला लिहिलं. दोघांचं उत्तर एकच: कोर्टाचा आदेश आणा. मला संताप आला. वकीलबाईंना नाही आला. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मध्यस्थ कंपनीला एखाद्या मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असं धरायचं ते न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारी अधिसूचनेने. कुणीही उठून ईमेल केली म्हणून साइट बंद व्हायला लागली, तर उद्या आमचा प्रतिस्पर्धी आमची बंद पाडेल. पटलं, पण दिवाळीत पटून उपयोग काय?

कोर्टात जायचं की निक्सीकडे, हा प्रश्न होता. निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. डॉट इनचा कारभार दिल्लीहून तेच पाहतात, आणि डॉट इनच्या नावांच्या भांडणासाठी २००५ पासून त्यांचं स्वतःचं धोरण आहे, ‘आयएनडीआरपी’. तक्रार करायची, फी भरायची, ते त्यांच्या यादीतला एक लवाद नेमतात. सगळं कागदोपत्री, सहसा सुनावणी नाही, दिल्लीच्या फेऱ्या नाहीत. फी पाच आकडी होती. काकांनी भुवया उंचावल्या. पण नाव डॉट कॉमचं असतं तर जिनिव्हाच्या वायपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या संस्थेकडे जावं लागलं असतं आणि तिथे एकाच पंचाकडून निवाडा घ्यायचा तरी एकूण फी १,५०० डॉलर आहे, हे कळल्यावर भुवया खाली आल्या.

लवादापुढे सिद्ध करायचं असतं ते असं: डोमेन आमच्या नावाशी किंवा चिन्हाशी गोंधळ होईल इतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्या नावावर कसला हक्क वा रास्त संबंध नाही, आणि ते नाव त्याने वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरतोय. तिसरी गोष्ट आमच्या बाबतीत उघड होती, फसवणुकीचा फॉर्मच होता. अडचण पहिल्या दोन्हींत होती.

आमच्याकडे ट्रेडमार्क होता. २०१६ मध्ये क्लास ३०, म्हणजे चटणी-मसाल्यांच्या वर्गात अर्ज केलेला, नोंदलेला. पण तो लेबलचा. चित्र, रंग, अक्षरांची वळणं, सगळं मिळून एक. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अख्खं लेबल आपलं झालं म्हणजे त्यातला प्रत्येक शब्द आपला होत नाही. ‘चटणी’ तर कुणाचीच नाही. आणि आडनाव? आमच्या आडनावाची माणसं महाराष्ट्रभर हजारोंनी असतील. त्यांतल्या कुणी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा काढला तर कलम ३५ त्याला संरक्षण देतं. डोमेनच्या धोरणातही ‘मला याच नावाने ओळखतात’ हा बचाव आहे. उद्या समोरचा म्हणाला की मीही तोच, माझंही आडनाव तेच, तर? एजन्सीचे पैसे लाटणारा माणूस असं म्हणायला येणार नाही, हे मला दिसत होतं. पण कागदावर ते आधीच खोडून ठेवायला हवं होतं.

त्यासाठी दाखवायचं होतं की दोन साधे शब्द इतकी वर्षं एकत्र वापरले गेलेत की गिऱ्हाईक ते ऐकून आमच्याच दुकानाचा विचार करतं. इथून खरी मजा सुरू झाली. आयएनडीआरपीच्या नियमांत निवेदनाला ५,००० शब्दांची आणि जोडपत्रांना १०० पानांची मर्यादा आहे. आमच्या माळ्यावर बिलांची पोती. आजोबा काही टाकत नसत, याचा घरात सगळ्यांना वैताग होता. त्यातून १९८४ चं एक बिल निघालं, गिरणी कामगारांच्या सोसायटीला दिलेल्या मालाचं, वर रबरी शिक्क्यात नाव. गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलच्या पावत्या. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिकांमधल्या पाव-पाव पानाच्या जाहिराती, ज्या देताना आजोबा ‘वर्गणीच समजा’ म्हणायचे. त्या जाहिरातींवर वर्ष छापलेलं होतं, म्हणून त्या सगळ्यांत उपयोगी ठरल्या. जुनी पाकिटंही होती, पण त्यावर तारीख कुठे? ती वगळली. मग विक्रीकराचे कागद, जीएसटी विवरणपत्रं, डॉट कॉमच्या नोंदणीचं वर्ष, आणि लातूरच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र, की मी आडनाव बघूनच पैसे भरले. माझ्या मते सगळ्या गठ्ठ्यात सगळ्यांत वजनदार कागद तोच होता. गोंधळ होईल असं आम्ही म्हणणं वेगळं आणि झालेला माणूस समोर उभा करणं वेगळं.

कायद्याचा आधार वकीलबाईंनी थोडक्यात मांडला. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने एका अक्षराचा फरक असलेल्या ‘रॅडिफ’ला रोखलं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावालाही ट्रेडमार्कचे नियम लागू होतात असं सांगितलं. निक्सीच्या संकेतस्थळावर जुने निवाडे वाचायला मिळतात. मी बरेच वाचले. मोठ्या कंपन्यांचेच जास्त.

तक्रार गेल्यावर डोमेनच्या मालकाचा नाव-पत्ता कळला. पत्त्यात गाव एका राज्यातलं, पिनकोड दुसऱ्याच राज्याचा. कुरिअर परत आलं. लवादांनी ईमेलने नोटीस काढली, उत्तर आलं नाही. एकतर्फी झालं तरी लवाद पुरावा बघतातच. त्यांनी आमच्याकडे आणखी खुलासा मागवला, तोही नेमका आडनावाबद्दल. निवाड्याला सुरुवातीपासून ६० दिवसांची मुदत असते, कारण असेल तर ती वाढते. आम्हाला डोमेन हस्तांतरित करण्याचा निवाडा मिळाला तेव्हा दिवाळी कधीच संपलेली होती आणि उन्हाळी वाळवणांचा हंगाम आला होता. आता त्या पत्त्यावर एकच पान आहे: आम्ही एजन्सी देत नाही, कुणी मागितले तर पैसे भरू नका, खाली दुकानाचा नंबर.

काही काळाने मधे आडवी रेघ टाकून तसंच नाव पुन्हा उगवलं. या वेळी डोमेन विकणाऱ्या कंपनीला तक्रारीसोबत निवाडा जोडला आणि त्यांनी साइट लगेच थांबवली. एका कागदाने एवढा फरक पडतो. गुन्ह्याचा तपास अजून चालू आहे. ज्या खात्यात पैसे गेले तो खातेदार सापडला, त्याने खातं कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलेलं होतं. लातूरच्या मुलाने अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज केलाय.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून आम्ही नुसत्या शब्दांच्या ट्रेडमार्कसाठीही अर्ज केला, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र असलं की ऑनलाइन फी ४,५०० रुपये, नाहीतर दुप्पट. परीक्षण अहवाल आला: कलम ९, आडनाव आणि मालाचं वर्णन, वेगळेपण दिसत नाही. उत्तराला एक महिना असतो. जोडपत्रांची तीच १०० पानं पुन्हा स्कॅन करतेय. या वेळी पानांची मर्यादा नाही, तेव्हा काकांनी माळ्यावरून आणखी एक पोतं खाली काढून दिलंय.