साठ टक्के

लाइट बिलाची जुनी पावती शोधताना दुपारी कपाटातून फाइल निघाली. आमच्याकडे फाइल म्हणजे आजारपणाचीच. बाकीचे कागद पिशवीत असतात. बिल राहिलं बाजूला आणि मी रिपोर्ट वाचत बसले. ही माझी जुनी खोड. कुणाचाही रिपोर्ट हाती आला की आधी जाड ठशातले आकडे शोधायचे. लॅबवाले मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापतात, त्यामुळे सगळं बारीकच दिसलं की उगाच डॉक्टर झाल्यासारखं वाटतं.

बाबांच्या टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा कागद सापडला. एलव्हीईएफ ६०%. बाबा गणिताचे मास्तर. पाकीट त्यांनी लिफ्टमध्येच फोडलं होतं. “साठच? काठावरचा फर्स्ट क्लास झाला हा.” रात्री नीट जेवलेही नाहीत. आई म्हणाली, “जन्मभर पोरांचे अर्धे-अर्धे मार्क कापलेत, आता भोगा.”

डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. तो हसला नाही, याचं मला अजून कौतुक आहे. पेन खाली ठेवून त्याने डावी मूठ पुढे केली. “सर, हृदय साधारण आपल्या मुठीएवढं.” मूठ सैल केली. “हे भरलं.” मग आवळली, पण पूर्ण नाही, बोटांच्या आत फट राहिली. “दर ठोक्याला डावा कप्पा त्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतो, थोडं आत राहतं. सगळंच्या सगळं कुणाचंच बाहेर पडत नाही. साठ म्हणजे उत्तम.”

बाबांनी आपली मूठ दोनतीनदा उघडमीट करून पाहिली. “म्हणजे पेपर शंभराचा नव्हताच.”

“नव्हताच, सर.”

खाली ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असंही छापलं होतं. वयामुळे हृदय जरा सावकाश सैल पडतं, बीपी सांभाळा, एवढं डॉक्टर बोलला. त्याचं बाबांना काहीच वाटलं नाही. त्याला टक्के नव्हते ना.

आमच्या लहानपणच्या दवाखान्यात असलं काही नव्हतं. लाकडी खिडकी आणि आत कंपाउंडरकाका. धुतलेली बाटली घरून न्यायची. ते गुलाबी मिक्श्चर ओतायचे, कागदाची पट्टी घडी घालून तिच्या कडेला कात्री मारायचे आणि खळ लावून बाटलीवर चिकटवायचे. पट्टीवर सारख्या अंतराच्या खाचा. एक खाच सकाळी, एक दुपारी, एक रात्री. जेवल्यावर, बाटली हलवून. अक्षरओळख नसलेल्या माणसाचाही डोस चुकायचा नाही. आजाराचं नाव कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. आजीचा प्रश्न एकच, “भात चालेल ना?” चालेल म्हटलं की दुखणं किरकोळ.

आता मात्र सगळं समजून घ्यायचं असतं. शेजारच्या काकूंना मीच मोठ्या उत्साहाने एचबीएवनसी समजावलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, आदल्या दिवशी गोड सोडून या तपासणीला फसवता येत नाही. काकूंना अगदी पटलं. तेव्हापासून त्यांनी आदल्या दिवशीचं पथ्यही सोडलं.

फाइलच्या तळाशी माझ्या काकांचे कागद होते. स्कॅनचा रिपोर्ट, शेवटी नेहमीचंच ‘कोरिलेट क्लिनिकली’. “पेशंटना बाहेर बसू द्या, तुम्ही आत या,” असं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं होतं. फार छान समजावलं त्यांनी. प्रिस्क्रिप्शनच्या मागे यकृताचं चित्र काढलं, कुठे कुठे पसरलंय तिथे ठिपके दिले, ऑपरेशनचा उपयोग का नाही तेही सांगितलं. साध्या मराठीत, घाई न करता. आमच्या सगळ्या शंका फिटल्या. काका बाहेर बाकावर चपला सांभाळत बसले होते.

बाहेर येऊन आम्ही सांगितलं, इन्फेक्शन आहे. त्यांनी मान हलवली. पुढे कधी एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त त्याच आठवड्यात बँकेत जाऊन सगळ्या खात्यांवर काकूंचं नाव लावून आले.

संध्याकाळी मुलाला म्हटलं, “माझ्या वेळी आत मी बसणार. तू हवं तर बाहेर बस.”

“बरं,” म्हणाला, मोबाइलमधून मान वर न काढता.