सहाजण

मंगळवार, रात्री साडेअकरा. पुणे.

काल परत आल्यापासून एक शब्द मनातून जात नाही. अ.ने ग्रुपवर हिमाचलातील भागसूनागच्या धबधब्यापाशी काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘आम्ही सहाजण, मॅक्लिओडगंज’. आम्ही गेलो होतो सातजण. त्याने ‘आम्ही सगळे’ असे लिहिले असते तर मला एवढे लागले नसते, कारण घाईत माणूस ‘सगळे’ लिहून मोकळा होतो. पण येथे त्याने माणसे मोजली, ती सहा भरली आणि हिशेब बरोबर वाटला.

मी तेव्हा कुठे होते हे सगळ्यांना ठाऊक होते. रविवारी सकाळी मला दलाई लामांच्या मंदिराभोवतीची वाट एकदा शांतपणे चालायची होती आणि ‘तुम्ही पुढे व्हा’ असे मीच म्हटले होते. हे ‘मीच म्हटले होते’ कालपासून स्वतःला कितीदा बजावले, तरी मन फिरून सहावरच येते. जाताना दिल्लीतील मजनू का टिल्ल्याहून निघालेल्या रात्रीच्या बसमध्येही शेजारी अनोळखी माणूस असलेली सीट माझ्याच वाट्याला आली होती. सात हा आकडाच असा आहे, की जोड्या लावल्या की कोणीतरी उरतेच. आणि उरणारी मीच असावे याची त्यांना सवय झाली आहे, असे मला वाटू लागले आहे. दिवाळीपासून अ. आणि माझ्यात जे चालले आहे, त्याविषयी आज लिहीत नाही.

मंदिराभोवतीच्या त्या वाटेला तेथील लोक कोरा म्हणतात. आपल्या प्रदक्षिणेसारखेच मंदिर उजव्या हाताला ठेवून चालायचे असते. मी न पाहता उलट दिशेने निघाले होते. समोरून येणाऱ्या एका वृद्ध तिबेटी बाईंनी काही न बोलता माझे कोपर धरून मला वळवले, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ मागेपुढे चालत राहिलो. वर रंगीत पताका, कडेला ‘ओम मणि पद्मे हूं’ कोरलेले दगड. त्या एका हाताने वाटेतली प्रार्थनाचक्रे फिरवत होत्या आणि दुसऱ्या हातात माळ होती. तशीच माळ मी पुढे एका दुकानातून घेतली. विकणाऱ्या मुलाने हिंदीत सांगितले, की माळेत मणी १०८ असले तरी एका फेरीचा जप शंभरच धरायचा; वरचे आठ मणी जप करताना झालेल्या चुकांसाठी, भरकटलेल्या लक्षासाठी असतात. ते आठही त्याच दोऱ्यात असतात, बोटांखालून जातात, फक्त मोजणीत येत नाहीत. तेव्हा मला हे फार सुंदर वाटले होते. आज तीच माळ हातात घेऊन बसले आहे आणि ते आठ मणी कोणते, हे काही केल्या ओळखता येत नाही.

४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने मॅक्लिओडगंज हे गाव मोडले होते. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये ल्हासाहून निघाले, १९६० मध्ये तेथे राहायला आले आणि त्यांच्यामागून आलेल्या माणसांनी ते पुन्हा भरले. त्या बाईंच्या घरातून किती निघाले आणि किती पोहोचले असतील, हा प्रश्न त्यांच्यामागून चालताना मला सुचला नाही. तो आज सुचला, तोही स्वतःच्या फोटोवरून, याची लाज वाटते. त्यांच्यापुढे माझे हे काहीच नाही, हे कळते. तरीही खरे लिहायचे तर या तुलनेने ते कमी झाले नाही.

मघाशी जेवण झाल्यावर जुने फोटो उघडले. आपण नसलेले आणखी किती फोटो आहेत, ते पाहायचे होते. गेल्या पावसाळ्यातला भाजे लेण्यांचा फोटो सापडला. मी काढलेला, मीच टाकलेला आणि खाली माझेच शब्द: ‘आम्ही पाचजण’. त्या दिवशी नि. बरोबर होती. गुडघा दुखतो म्हणून ती खाली पायऱ्यांपाशी थांबली होती आणि ‘तुम्ही पुढे व्हा’ असे तिनेही म्हटले होते. फोटोत आमच्या मागे लेण्यातले स्तूप दिसतात. एकूण चौदा, पाच आत आणि नऊ बाहेर. ते मी दोनदा मोजून सगळ्यांना सांगितल्याचे आठवते. फोटोखाली नि.ने तेव्हा हृदयाचे चिन्ह टाकले होते. त्या रात्री तिने काय केले असेल?

बराच वेळ मी तो फोटो पाहत बसले. राग अ.वरचा होता, तो आता कुठे ठेवावा हे कळत नाही. पण सकाळपासून छातीत जे आवळल्यासारखे झाले होते, ते थोडे सैल झाले आहे. अ.ने मला वगळले नसावे. मीही नि.ला वगळले नव्हते, समोर होते तेवढे मोजले होते. तरी ते वाचणाऱ्याला कसे लागते, हे आता मला माहीत आहे.

नि.ला आत्ता फोन करावा असे वाटले, पण उशीर झाला आहे. ती सहाला उठते. गुडघ्याचे विचारण्यापासून सुरुवात करीन, मग भाज्याचे सांगेन. माळ तिलाच द्यावी असेही मनात आहे.