हाताने फिरलं म्हणून जुळलं असं नाही

गेल्या महिन्यात टेम्पोतून आलेलं एक इंजिन अजून डोक्यातून जात नाही. मारुती जिप्सीचा आठ व्हॉल्व्हचा ब्लॉक, त्यावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून उचललेलं मारुती एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हचं हेड (ब्लॉकवरचं झाकण, व्हॉल्व्ह यातच बसतात) आणि वर ग्राइंड करून घेतलेला कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. दुसऱ्या एका गॅरेजने जोडलेलं. चाळीस किलोमीटर चाललं आणि चौथा सिलिंडर बसला.

"काका, बोअर तोच, स्ट्रोक तोच, मग बिघडलं काय?" मालक पोरगा विचारत होता. कागदावर त्याचं खरं होतं. दोन्हीकडे बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर, १२९८ सीसी. पण पिस्टनचा माथा कागदावर नसतो. या आठ व्हॉल्व्हच्या पिस्टनवर चार व्हॉल्व्हसाठी खळगे नव्हतेच.

हेड उतरवलं तर चौथ्या पिस्टनवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेची चंद्रकोर उमटलेली, व्हॉल्व्ह वाकलेला. बाकी तिघांवर काहीच नाही. एकटा चौथाच का?

नवा व्हॉल्व्ह बसवून पिस्टनच्या माथ्यावर पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती थापली, तेलाचा हात फिरवला, जुनं दाबलेलं गॅस्केट घालून बोल्ट टॉर्कला कसले आणि क्रँक दोन फेरे फिरवला. माती कापून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मोजली: एक्झॉस्टकडे चौथ्यात ०.४ मिमी, पहिल्यात ०.६५. हवं असतं २.५. इनटेकला २ पुरतं. एक्झॉस्ट जास्त तापतो, लांबतो. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून मोजणारे फसतात. एक्झॉस्ट सर्वांत जवळ येतो टीडीसीच्या साधारण दहा अंश आधी, इनटेक तितकाच नंतर.

मग हेडची जाडी मोजली. एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ०.३ मिमी कमी! फेसिंग, म्हणजे हेडचं तोंड घासून सपाट करणं, तिरकं मारलेलं, तेही किती वेळा कोण जाणे. ब्युरेट (मापाची काचनळी) आणि अॅक्रिलिकची पट्टी घेऊन हेडमधले चेंबर, म्हणजे इंधन जळायच्या पोकळ्या, भरले: पहिला २८.२ सीसी, चौथा २७.२. गॅस्केटचे ५.३ धरले, पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशी सपाट, म्हणजे एकाच इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, पहिल्याला १०.७ आणि चौथ्याला ११. ट्रॅफिकमध्ये तापलं की नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक, आधी चौथ्यात होणार.

आधीच्या कारागिराचं म्हणणं, "हाताने फिरवून बघितलं होतं, कुठे अडलं नाही." मला याच वाक्याचा राग येतो. हाताने फिरवताना ०.४ मिमी पुरतं. सहा हजार आरपीएमला रॉड ताणला जातो, बेअरिंगची फट एका बाजूला जाते, व्हॉल्व्ह कॅमवरून सुटून थोडा उशिरा बसतो. ०.४ तिथेच संपतं. शिवाय फेसिंगने हेड खाली येतं, बेल्ट ढिला पडतो, टेन्शनर तो ओढून घेतो आणि कॅम मागे पडतो. एकच कॅम, त्यामुळे मागे पडला की एक्झॉस्ट उशिरा मिटतो आणि पिस्टनच्या आणखी जवळ जातो. पुढे घेतला तर इनटेक धोक्यात. म्हणजे फेसिंग दोन्हीकडून मारतं.

कॅम बसतो त्या भोकात डमी शाफ्ट घालून हेड मशीनवर बांधलं आणि तोंड कॅमला समांतर केलं. सगळे चेंबर २७.२ वर आले. पिस्टनचा माथा ७.४ मिमी जाड होता. एक्झॉस्टचे खळगे २.१ खोल कापले, खाली ५.३ उरले. पाचच्या खाली मी जात नाही. प्रत्येक सिलिंडरला मिळून तीन सीसी वाढले, कॉम्प्रेशन १०.१५ च्या आसपास. चारही पिस्टन एका ग्रॅमच्या आत आणले. कॅमचं मागे पडणं ऑफसेट चावीने (कॅमचं चाक किंचित सरकवणारी पाचर) काढलं. बोअर होन केला, म्हणजे आतून बारीक घासून घेतला, त्या रात्री तेल चोपडून पिशवीत बांधून ठेवला, मुंबईच्या हवेत उघडा बोअर सकाळी तांबूस दिसतो. पुन्हा माती लावली: एक्झॉस्ट चारही ठिकाणी २.५, इनटेक २.१.

तरी स्प्रिंगा त्या हेडच्याच आहेत, आणि ग्राइंड केलेल्या कॅमचा चढ मूळपेक्षा उभा आहे. स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह किती तरंगेल, हे माती सांगत नाही. पोराला सहा हजारांवर न्यायची नाही म्हणून बजावलंय. नव्या स्प्रिंगा येईपर्यंत तो ऐकेल का, हेच मनात आहे.