मागच्या खोलीपर्यंत नेट नेताना – माझा अनुभव

आमच्या मागच्या खोलीत नेट चालत नाही ही जुनीच तक्रार होती, आणि त्यावरचा उपायही जुनाच, लॅपटॉप उचला आणि हॉलमध्ये येऊन बसा. पण घरून काम सुरू झाल्यावर तीच खोली माझं ऑफिस झाली आणि मग रोजचं सुरू झालं, मीटिंगमध्ये आवाज तुटतोय, व्हिडिओ बंद कर, परत बोल. नवऱ्याचं म्हणणं एकच, "नवीन राऊटर घेऊन टाक ना, सहा अँटेनावाला." मला मात्र पैसे घालायच्या आधी बघायचं होतं की नक्की अडतंय कुठे, कारण नेट स्लो आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं असतं.

सगळ्यात आधी लॅपटॉप वायरने थेट राऊटरला लावला आणि स्पीड टेस्ट केली. प्लॅनमध्ये जेवढा स्पीड सांगितलाय तेवढा पूर्ण आला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत, कस्टमर केअरला फोन लावून तासभर गाणी ऐकायची गरज नाही, जे काय आहे ते घरातच आहे. ही एक टेस्ट लोक करत नाहीत आणि वायफायवरचा आकडा बघून कंपनीला शिव्या घालतात. त्यात परत एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि डाउनलोड करताना दिसतात ते मेगाबाइट, आठचा फरक, म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आतच उतरणार, तिथे फसवणूक वगैरे काही नाहीये.

मग सिग्नल मोजला. फोनवर वायफाय अॅनालायझर टाइपची अॅप्स असतात त्यात डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसतो, मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की पण दिसतो. आकडे वजामध्ये असतात, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. राऊटरपाशी उणे ४० होता, मागच्या खोलीत उणे ७८. ऐकायला फार वाटत नाही, पण हे माप असं आहे की दर ३ डीबीला ताकद निम्मी होते आणि दर १० ला दहावा भाग उरतो, म्हणजे ३८ च्या फरकात ताकद सहा हजार पटीहून जास्त कमी झाली. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ च्या वर पाहिजे असं धरतात. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट, दुसरं काय होणार.

आता सहा अँटेनावाल्या राऊटरबद्दल. बॉक्सवर एएक्स३००० असं लिहिलेलं असतं ना, ते वायफायच्या दोन पट्ट्यांचे, २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ एमबीपीएस, यांची बेरीज करून राउंड केलेला आकडा आहे. सहसा कुठलंच एक डिव्हाइस ते दोन्ही जोडून वापरत नाही, आणि २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल (पट्ट्यातली एक लेन) लागतो जो बऱ्याच फोनना जमतच नाही. दुसरं म्हणजे वायफाय दोन्ही बाजूंनी बोलणं असतं. राऊटर कितीही ओरडला तरी फोनला तेवढ्या जोरात उत्तर देता येत नाही, त्याची बॅटरी आणि अँटेना एवढीशी. म्हणून फोनवर कांड्या फुल दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

फुकटातले उपाय आधी करून घेतले. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत पण एक चॅनल जवळपास २० रुंदीचा, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. आमचा राऊटर ऑटोवर होता आणि त्याने ४ पकडला होता, म्हणजे १ वाल्यांनाही त्रास आणि ६ वाल्यांनाही, आणि त्यांचा आपल्याला. त्यापेक्षा शेजाऱ्याच्याच चॅनलवर बसलेलं परवडतं, एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांना ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेले मात्र नुसता गोंगाट करतात. मी ११ वर टाकला आणि रुंदी ४० ची २० केली. अजून एक गंमत म्हणजे राऊटरला चिकटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क होती, कॅमेऱ्यातले फोटो बॅकअप करायला. यूएसबी ३ चा डेटा ज्या वेगाने जातो त्याचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात सांडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर पेपर काढला होता. लांब केबल लावून डिस्क खालच्या कप्प्यात सरकवली.

फरक पडला, पण हॉल आणि स्वयंपाकघरात. मागची खोली होती तिथेच.

भावाने त्याच्याकडे पडून असलेला रिपीटर दिला. "ताई, प्लगमध्ये खोच, झालं." खोचला. साध्या रिपीटरची अडचण अशी की तो एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने तेच परत बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे नेट येत नाही तिथेच लावतात, आणि तिथे तो तरी काय ऐकणार, तो मधल्या जागी लावायचा असतो. आमच्याकडे मधल्या जागी प्लग पॅसेजमध्ये होता, तिथे लावल्यावर कॉल टिकायला लागले, पण दुपारी सगळे ऑनलाइन आले की परत अडखळायचं. मेश सिस्टमचा (घरभर दोन-तीन डबे ठेवून एकच वायफाय) पण विचार केला. बाकी लोक म्हणतात तेवढी ती जादू नाहीये, दोन डब्यांमधलं बोलणं हवेतूनच होणार असेल तर रिपीटरचंच शिकलेलं भावंड समजा, त्यासाठी वेगळा तिसरा रेडिओ असेल तर बरं चालतं, आणि मधे वायर टाकली तर उत्तम चालतं. पण वायर टाकायचीच असेल तर मेश कशाला, घरात पडलेला जुना राऊटर पण तेच काम करतो की.

आणि वायर होती! मागच्या खोलीत कपाटाच्या मागे भिंतीत एक नेटचा सॉकेट आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो, त्याचं दुसरं टोक हॉलमध्ये टीव्हीच्या मागे निघालं. केबलवर कॅट ५ई (केबलचा दर्जा) छापलेलं, म्हणजे १०० मीटरपर्यंत गिगाबिट (१००० एमबीपीएस) जायला हरकत नाही.

जुन्या राऊटरला अॅक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट नुसतं वायफायवर देणारा डबा) बनवायचं तर काही राऊटरमध्ये तो मोड एका क्लिकवर असतो. आमच्यात नव्हता, मग हाताने केलं. जुन्याचा डीएचसीपी (डिव्हाइसना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद केला, नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतात आणि अर्ध्या डिव्हाइसचं नेट जातं, मग त्याचा स्वतःचा पत्ता बदलला (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि तो मुख्य राऊटरच्या वाटपात येत नाही ना ते बघायचं), आणि भिंतीतून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरची लाइन येते तो) न लावता लॅन पोर्टला (घरातल्या डिव्हाइसचा) लावली. वॅनला लावली तरी नेट चालतं, पण मग घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि मागच्या खोलीतून हॉलमधला प्रिंटर दिसत नाही. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखं ठेवलं, चॅनल वेगळे. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) दोन्हीकडे बंद, त्याच्या आठ आकडी पिनमधली पळवाट २०११ पासून जगजाहीर आहे तरी कित्येक राऊटरमध्ये ते चालूच असतं.

सिग्नल उणे ४५, छान. मग आयपर्फ३ लावला. हे फुकटचं प्रोग्राम आहे, एका कॉम्प्युटरवर सर्व्हर आणि दुसऱ्यावर क्लायंट चालवायचा, घरातल्या घरातला स्पीड कळतो, बाहेरच्या लाइनचा संबंधच येत नाही. दोन्ही लॅपटॉप वायरने लावून आकडा आला ९४ एमबीपीएस. परत केलं, परत ९४.

हा ९४ लक्षात ठेवण्यासारखा आकडा आहे. वायफाय खराब असेल तर आकडा वरखाली नाचतो, असा ठाम राहत नाही. ९४ म्हणजे कुठेतरी लिंक १०० एमबीपीएसवर जोडली गेलीय आणि डेटाच्या पॅकेटांची वेष्टनं वजा जाऊन एवढं उरलंय. गिगाबिटला हाच आकडा ९४० च्या आसपास यायला पाहिजे. दोन्ही राऊटरचे पोर्ट गिगाबिटचे, पॅच केबल (भिंतीबाहेरच्या छोट्या वायरी) बदलून बघितल्या, तरी तेच, म्हणजे दोष भिंतीतल्या भागात. सॉकेटचं झाकण उघडलं तर आत चारच तारा जोडलेल्या! केशरी आणि हिरवी जोडी जॅकला, तपकिरी नुसती गुंडाळून आत ढकललेली, आणि निळी जोडी बाजूच्या टेलिफोनच्या सॉकेटला. म्हणजे ज्याने कोणी वायरिंग केलं त्याने एकाच केबलमधून नेट आणि लँडलाइन दोन्ही नेलं होतं. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात त्यामुळे त्याचं तेव्हा भागलं, गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात. लँडलाइन केव्हाच बंद झालीय, निळी जोडी मोकळीच होती.

दोन्ही टोकांना नवीन जॅक बसवले. जॅकवर ए आणि बी अशा रंगांच्या दोन पट्ट्या असतात, कुठलीही चालते पण दोन्ही टोकांना एकच पाहिजे. मी बी धरली, केशरी १-२, हिरवी ३-६, निळी ४-५, तपकिरी ७-८. जोड्यांचा पीळ जॅकच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवायचा, साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, तो पीळच बाहेरचा गोंगाट मारतो. पंचिंग टूल (तारा जॅकमध्ये दाबून बसवायचं) आणि टेस्टर भावाच्या मित्राचा आणला, टेस्टरवर दोन्हीकडे १ ते ८ दिवे ओळीने लागले. आयपर्फ, ९४१. मी नवऱ्याला स्क्रीन दाखवली, तो म्हणाला, "बरं, मग आता टीव्ही लावू का?"

यानंतर दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे मागच्या खोलीत आलं तरी फोन हॉलच्याच राऊटरला धरून बसायचा. कुठल्या राऊटरला जोडायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही, आणि जुना सिग्नल अगदी मरायला टेकेपर्यंत तो सोडत नाही. हॉलमधल्या २.४ ची पॉवर कमी केली आणि ते सुटलं. पॉवर कमी करून नेट सुधारतं हे घरात कुणाला पटवता आलेलं नाही अजून. त्याच भरात मागच्या राऊटरचं ५ गिगाहर्ट्झ चॅनल ५२ वरून ३६ वर आणलं, कारण ५२ पासून पुढचे बरेच चॅनल रडारच्या पट्ट्यात येतात, तिथे राऊटरला सुरू व्हायच्या आधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं आणि मधेच रडार ऐकू आलं तर चॅनल सोडून पळावं लागतं.

दुसरी म्हणजे कोणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की माझा कॉल अडखळायचा, स्पीड भरपूर असूनसुद्धा. पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) एरवी १२ आणि अपलोड सुरू झालं की ३०० च्या वर. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस नावाच्या प्रोग्रामरने २०१० च्या सुमारास हे नाव पाडलं. अपलोडची पॅकेटं मोडेम-राऊटरमध्ये लांबलचक रांग लावतात आणि माझ्या आवाजाचं छोटं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. मुख्य राऊटरमध्ये एसक्यूएम नावाची सेटिंग होती, ती चालू करून अपलोड आणि डाउनलोड दोन्हीची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवली, म्हणजे रांग राऊटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्यांना पुढे सोडतो. पिंग आता ३० च्या वर जात नाही. फक्त हे काम राऊटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे फार वेगवान प्लॅन आणि अशक्त राऊटर असेल तर टॉप स्पीड घसरतो, माझ्या मते कॉल करणाऱ्यांनी तो सौदा डोळे मिटून करावा.

आता वायर घरभर फिरवायचा नवऱ्याला उत्साह आलाय आणि त्याने टीव्हीलाही लावली. टीव्हीवर स्पीड टेस्ट, ९४. यावेळी जॅक उघडायच्या आधी मॅन्युअल बघितलं, टीव्हीचा पोर्टच १०० एमबीपीएसचा आहे, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा तसाच असतो, ५ गिगाहर्ट्झ वायफायवर तोच टीव्ही जास्त स्पीड देतो. फोरकेला २५ एमबीपीएस पण पुरतात त्यामुळे वायर तशीच राहू दिलीय.