कॅट 'सी'ने, मग किटन 'के'ने का?

प्राथमिकच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. त्या तासाला फळ्यावर फक्त 'सी' होता. कॅट, कप, कॉट सुरळीत म्हणून झालं आणि एका मुलीने विचारलं, "बाई, कॅट 'सी'ने लिहायचं, मग तिचं पिल्लू किटन 'के'ने का?"

"इंग्रजीत असंच असतं, पाठ करा" हे उत्तर मला मनापासून नकोसं वाटतं. कारण ठाऊक असून ते सांगितलं नाही, तर मूल पुढच्या वेळी विचारतच नाही. ठरलेला धडा बाजूला ठेवला.

फळ्यावर 'सायकल'चं स्पेलिंग लिहिलं: सी, वाय, सी, एल, ई. पहिल्या 'सी'चा आवाज स, दुसऱ्याचा क. मुलांनी लगेच पकडलं. मग सिटी, सेंटर, कोट, क्लॉक लिहून म्हटलं, 'सी'च्या पुढे कोण बसलंय ते बघा. बरीच कुजबुज, काही चुकीचे अंदाज, आणि नियम मुलांच्याच तोंडून आला: पुढे ई, आय किंवा वाय असेल तर स, नाहीतर क. ती मुलगी उभीच राहिली. "म्हणजे किटन 'सी'ने लिहिलं तर सिटन होईल!"

असं का झालं, तेही सांगितलं. जुन्या लॅटिनमध्ये 'सी' म्हणजे सरसकट क. सिसेरो या रोमन वक्त्याच्या नावाचा उच्चार तेव्हा किकेरो होता. पण इ, ए म्हणताना जीभ पुढे, टाळूकडे सरकते. तिच्याबरोबर आधीचा क शतकानुशतकं सरकत गेला आणि फ्रेंचमध्ये शेवटी स झाला. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच लेखनाची ही रीत इंग्रजीत मुरली. त्याआधी 'किंग'सुद्धा 'सी'नेच लिहीत. आता तिथे स वाचला गेला असता, म्हणून 'के' पुढे आला.

जीभ सरकते हे काही मुलांना पटेना. "त्याचा, त्याची, त्याचे म्हणा. सावकाश," मी म्हटलं. अक्षर एकच, पण 'त्याचा'मधला च वेगळा आणि 'त्याची'मधला वेगळा! वर्गभर माझा-माझी, चमचा-चमचे सुरू झालं. ('चार' आणि 'चंद्र' यांत पुढे इ-ए नसूनही च 'त्याची'सारखा तालव्यच राहतो, पण इ-ए आले की तो तसाच होतो हे पक्कं.) इतक्या आनंदाने उच्चार तपासणारा वर्ग मी क्वचितच पाहिलाय.

एकाने 'सॉकर' आणलं: दोन 'सी', पुढे ई, तरी क. तो शब्द 'असोसिएशन'चा तुकडा तोडून बनवलेला, म्हणून नियमाबाहेर.

आता मी 'सी' आणि 'के' एकत्रच शिकवते. 'जी'ची पाळी आली तेव्हा मुलांनी तोच नियम स्वतःहून लावला. जिराफ, जेम बरोबर बसले. 'गेट' आणि 'गिफ्ट' बसेनात, कारण ते फ्रेंचमधून आलेलेच नाहीत, जर्मानिक कुळातले आहेत.