११४/९८ आणि ११४/८९

जुलैत आमच्या रेकॉर्ड रूमच्या मागच्या भिंतीला ओल येते. दरवर्षी येते आणि दरवर्षी आम्ही खालच्या फळीवरचे गठ्ठे वर उचलतो. २०२४ ला ते काम माझ्या गळ्यात पडलं कारण शिपाई रजेवर होता आणि नवीन आलेल्या न्यायाधीश मॅडमनी सांगितलेलं की निदान चालू दावे तरी भिजू देऊ नका (जागाच नाही त्यामुळे जुने चालू दावे पण तिथंच ठेवलेले असतात). तालुका कोर्ट आहे आमचं, मी बेंच क्लर्क, नोकरीला सोळा वर्षं झाली. तर त्या फळीवर लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा मिळाला, रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) ११४/१९९८.

नंबर बघून मी तिथंच थांबले. हा नंबर मला पाठ आहे. दर महिन्याला जुन्या दाव्यांचं स्टेटमेंट जिल्ह्याला जातं त्यात वरच्या पाचात हा असतोच आणि पुढचा शेरा पण ठरलेला, "रेकॉर्ड मा. उच्च न्यायालयात." मागच्या महिन्याचा शेरा कॉपी करून पेस्ट करायचा, मी पण तेच करत आले, खोटं कशाला बोलू. पण रेकॉर्ड हायकोर्टात असेल तर माझ्या हातात हे काय होतं?

गठ्ठा टेबलावर आणून सोडला. वाटपाचा दावा. बहिणीनं दोन भावांवर केलेला, गावाकडची सहा एकर जमीन आणि एक विहीर. दुसऱ्या बहिणीनं दावा व्हायच्या आधीच हक्कसोड करून दिलेली. कैफियत (भावांचं लेखी उत्तर) आलेली, मुद्दे निघालेले, वादीचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तिची स्वतःची साक्ष पण दाखल. म्हणजे उलटतपासापर्यंत गाडी आलेली होती. तेवढ्यात भावांनी कैफियत दुरुस्तीचा अर्ज दिला की पूर्वीच तोंडी वाटप झालंय, तो नामंजूर झाला, ते हायकोर्टात गेले आणि २००३ ला स्टे मिळाला. त्यानंतर रोजनाम्यात (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) फक्त "पुढील आदेशाच्या प्रतीक्षेत" आणि तारीख, परत तेच आणि तारीख. मोजायला घेतल्या, शंभराच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. खाली सह्या वेगवेगळ्या साहेबांच्या, अक्षर वेगवेगळ्या क्लर्कचं, त्यात माझं पण.

दुपारी जेवताना हायकोर्टाच्या साइटवर रिट पिटिशनचा नंबर टाकला. दोन मिनिटांत आलं. भावांची पिटिशन २०११ लाच फेटाळलेली, स्टे रद्द. म्हणजे तेरा वर्षं तो दावा कशानंच अडलेला नव्हता.

डबा तसाच राहिला माझा.

आता वकील मंडळी म्हणतील स्टे मॅटर तर २०१८ लाच हलवली होती ना सगळी. हो. मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सहा महिन्यांत मुदतवाढ मिळाली नाही तर स्टे आपोआप उठेल, तेव्हा आम्ही सिस्टिममधून यादी काढून एकेक दावा बोर्डावर (दिवसाच्या कामाच्या यादीत) घेतला होता. (पुढं २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो नियमच फिरवला, स्टे असा आपोआप उठत नाही म्हणून, ते वेगळं.) पण यादी निघाली ती सिस्टिमला "स्टे" अशी नोंद असलेल्यांची. आमच्या ११४/९८ ला कुणीतरी "रेकॉर्ड मागवले" अशी नोंद मारून ठेवलेली, त्यामुळे तो त्या चाळणीत आलाच नाही. रेकॉर्ड मागवलेलं होतं हे खरं, पण पाठवलंच नव्हतं. फळीवर होतं.

मग मी आवक रजिस्टर काढलं, २०११ चं. हायकोर्टाचा आदेश खाली आला असणार, टपालानं येतोच. अर्धा तास पानं उलटली आणि सापडलं. आदेश मिळाला, तारीख बरोबर, रिटचा नंबर बरोबर, आणि शेरा "रे.मु.नं. ११४/८९ ला जोडला." ११४/८९ हा कधीच निकाली निघालेला भाडेकरूचा दावा, त्यातले कागद नियमाप्रमाणे नष्ट पण झालेत. ९८ चे ८९ झाले आणि तेरा वर्षं गेली.

अक्षर मी ओळखलं. ज्यांनी मला रोजनामा लिहायला शिकवला त्या आमच्या काकांचं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मॅडमकडं जायच्या आधी मी त्यांना फोन केला, का केला माहीत नाही, न सांगता जाणं बरं वाटेना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं गं. टपालाचा ढीग असायचा. पण ते काय कारण झालं का? सांग तू मॅडमना, माझं नाव घेऊन सांग."

सांगितलं. मॅडमनी रजिस्टर बघितलं, गठ्ठा बघितला आणि एवढंच विचारलं, "असे अजून किती आहेत?" पुढचे दहा दिवस आम्ही दोघी साडेपाचनंतर बसून स्टे आणि रेकॉर्डवाली सगळी प्रकरणं हायकोर्टाच्या साइटवर ताडून बघत होतो. तेवीस निघाली, त्यातल्या सात प्रकरणांत वरचा निकाल होऊन गेलेला. सात! दिवसाचं बोर्ड नव्वद-शंभरचं असतं, त्यात पुकारा, तारखा, जामीन, जबाब एवढ्यात संध्याकाळ होते, गठ्ठा उघडून वाचायला वेळ कुणाला आहे. विधी आयोगानं १९८७ लाच सांगितलेलं की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश पाहिजेत, आज मंजूर पदं धरली तरी एकवीसच्या आसपास आहेत, रिकामी जागा वेगळ्याच. आणि न्यायाधीश वाढले तरी हे काम खाली क्लर्कच्या टेबलावरचं आहे, तिथल्या रिकाम्या जागांबद्दल कुणी बोलत नाही हे माझं रडगाणं आहेच. शिवाय निकाली आकडा दाखवायचा तर चेक बाउन्सच्या दहा तडजोडी सोप्या, असल्या एका दाव्याला कोण हात घालणार.

दोन्ही बाजूंना नोटीस काढली. बेलिफचा रिपोर्ट आला: वादीचे वकील २००९ ला मयत, प्रतिवादी नं. १ म्हणजे थोरला भाऊ २०१४ ला मयत. खरंतर वारस लावायला मुदत नव्वद दिवसांची, इथं दहा वर्षं झालेली, म्हणजे विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, मग हरकत, मग हुकूम. परत दोन वर्षं गेली असती. पण पहिल्याच तारखेला वादी स्वतः आली. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात पिशवी, दारात उभी राहून मला म्हणते, "आवो ताई, ही नोटीस माझीच हाय का? मला वाटलं ते संपलं. हरलो आसं वाटलं." तिला तेरा वर्षं कुणी काही सांगितलंच नव्हतं आणि भाऊ-भाचे कशाला सांगतील, जमीन त्यांच्याच वहिवाटीत होती.

आता यातली खरी गंमत. (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) १९९८ ला दावा केला तेव्हाच्या कायद्यानं तिला किती मिळणार होतं? वडील १९९१ ला वारले, आई आधीच. तेव्हा हिशेब असा की वडील आणि दोन मुलगे यांचा तिसरा-तिसरा हिस्सा, आणि वडिलांच्या त्या तिसऱ्या हिश्श्यात चार पोरं. म्हणजे बारावा हिस्सा. सहा एकरात वीस गुंठे. महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना बरोबरीचा हक्क दिला होता पण लग्न झालेल्यांना वगळून, आणि हिचं लग्न बरंच आधीचं. मग हिंदू वारसा कायद्यात २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, लग्न झालेल्या मुलींनाही बरोबरीचा हक्क देणारी, आणि वडील आधीच वारलेले असले तर काय हा वाद ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं मिटवला, मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ ला हयात असायची गरज नाही. म्हणजे आता चौथा हिस्सा. साठ गुंठे. दावा वेळेत निकाली निघाला असता तर तिला वीस गुंठे मिळून विषय संपला असता. आमच्या चुकीमुळं तिचा हिस्सा तिप्पट झाला. मॅडमनी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आम्ही दोघी काहीच बोललो नाही. आणि याला न्याय म्हणायचं तर त्या तेरा वर्षांत जमिनीचं उत्पन्न कुणी खाल्लं ते पण बघायला लागतं.

मॅडमनी प्रकरण डिसेंबरच्या लोकअदालतीत ठेवलं. तिथला अवॉर्ड म्हणजे हुकूमनामाच, वर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते, आणि सगळे वारस सही करायला तयार असले तर ते विलंब माफीचं लचांड पण जागेवर सुटतं. पॅनलसमोर धाकटा भाऊ काठी टेकत आलेला, थोरल्याचे दोन मुलगे आणि आक्का, म्हणजे आमची वादी. भाचे म्हणाले वीस गुंठे देतो, आत्ता देतो. आक्काचे नवीन वकील तरुण, ते साठाच्या खाली यायला तयार नाहीत, विनीता शर्माच्या, म्हणजे त्याच २०२० च्या निकालाची प्रिंट हातात. दोन तास ते चाललं. चहा झाला. शेवटी आक्का वकिलांना म्हणाली, "तुम्ही जरा गप बसा," आणि भाच्याला विचारलं, "हिरीची पाळी देणार का?" तो म्हणाला आठवड्यातून एक दिवस. "दोन." दोनवर तुटलं. आणि जमीन चाळीस गुंठे, पण रस्त्याकडची, आत ढकलायची नाही. धाकटा भाऊ तोवर खालीच बघत होता, तो म्हणाला, "दे की रस्त्याकडची. आबानं तिलाच द्यायची म्हणली हुती." आबा म्हणजे वडील. हे वाक्य ना कैफियतीत होतं ना शपथपत्रात.

वकिलांचं तोंड पडलेलं. मला पण वाटलं वीस गुंठे उगाच सोडले बाईनं, कायद्यानं तिचे होते. पण विहिरीशिवाय साठ गुंठ्यांचं तिनं काय केलं असतं हे तिला जास्त कळत असणार.

अंगठे, सह्या, नकाशा जोडला, पाच वाजता अवॉर्ड झाला. सिस्टिमला मीच "तडजोड" टाकून ११४/९८ निकाली केला. त्याच दिवशी फायलिंगला सहा नवीन दावे आलेले.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्या सहाचं काय?"

दोन चालू झालेत. एकात दोन्ही पक्षकारांचा पत्ताच लागेना. बाकीच्यांना नोटिसा गेल्यात, बेलिफ एकच आहे.

मार्चमध्ये आक्का परत आली. हिस्सा मोजून हद्दी टाकून मिळायच्या होत्या, मोजणीचे पैसे भरलेले, तारीख मिळेना. माझ्या टेबलासमोर बसली, पिशवीतून पावती काढून ठेवली. मी म्हटलं, "आक्का, हे आमच्याकडं नाही, भूमी अभिलेखला जावं लागेल."

"ते कुठं आलं?"

"तहसीलच्या मागं, वरच्या मजल्यावर."

ती पावती परत पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "जिना हाय का?"