एका दिवसात संपणारे पाठ

डिसेंबरात प्राथमिक शाळेचे वेळापत्रक भिंतीवर तसेच टांगलेले असते. वर्ग मात्र त्याप्रमाणे चालत नाही. दुसऱ्या तासाला कोणीतरी दारात उभे राहून नाचातल्या मुलींना घेऊन जाते, तिसऱ्या तासाला नाटुकल्यातल्या मुलांची हाक येते, धावण्याच्या स्पर्धेत निवडलेली चार-सहा मुले मैदानावर असतात आणि उरलेल्यांपैकी काहीजण सर्दी-तापाने घरी झोपलेली असतात. फळ्यासमोर कधी निम्मा वर्ग असतो, तर कधी त्याहूनही कमी. निम्मा वर्ग शिकवणे अवघड नाही. अडचण अशी की तो निम्मा रोज वेगळा असतो.

मी चौथीला शिकवते. चौथीचा भागाकार म्हणजे आधीच्या दिवशीच्या पायरीवर दुसऱ्या दिवसाची पायरी. सोमवारी बाकी उरणारे भागाकार, मंगळवारी भाज्यात शून्य आलेले, बुधवारी दोन अंकी भाजक. यातला मंगळवार ज्याचा स्नेहसंमेलनाच्या तालमीत गेला, त्याला बुधवारी मधली पायरी काढलेल्या जिन्यावरून चढावे लागते. म्हणून मी डिसेंबरात साखळीने चालणारा एकही घटक नव्याने सुरू करत नाही. जो पाठ सकाळी सुरू होऊन त्याच दिवशी संपतो, ज्याला कालच्या पाठाची गरज नाही आणि जो उद्याच्या पाठावर ओझे टाकत नाही, असेच पाठ या महिन्यासाठी राखून ठेवते. ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ असे सहकारी म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु डिसेंबरात रेटून पुढे नेलेला अभ्यासक्रम जानेवारीत पुन्हा मागे येऊन घ्यावा लागतो, हे त्यांनाही माझ्याइतकेच ठाऊक आहे.

अशा पाठांसाठी लागणारे पहिले साधन वर्गातच लटकत असते, ते म्हणजे वर्ष संपत आल्यामुळे कोणाला नको झालेली दिनदर्शिका. मी मुलांना डिसेंबरच्या पानावर तीन ओळी आणि तीन रकाने असा नऊ तारखांचा कोणताही चौरस आखायला सांगते. चौरस मला दाखवायचा नाही, त्यातली मधली तारीख तेवढी सांगायची. कोणी ‘सोळा’ म्हटले की मी फळ्यावर १४४ लिहिते, आणि नऊही तारखांची बेरीज करून पाहणारी मुले आधी स्वतःच्या बेरजेवर आणि मग माझ्यावर संशय घेऊ लागतात. हा संशय फार उपयोगाचा असतो. वर्गातले जे मूल एरवी बेरीज तपासायला सांगितले की पेन्सिलीला टोक करायला निघून जाते, ते इथे मला पकडण्यासाठी दोनदा तपासते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की उत्तर मधल्या तारखेच्या नऊपट आहे. ते तसे का, हे थोडे थांबून कळते: डावीकडची तारीख एकाने कमी, उजवीकडची एकाने जास्त, वरची सातने कमी, खालची सातने जास्त, कोपऱ्यांतल्या तारखांचेही तसेच, म्हणजे सगळी कमी-जास्त आपापसात फिटते आणि मधलीच तारीख नऊ वेळा शिल्लक राहते.

त्याच पानावरून पुढे आणखी एक प्रश्न निघतो. डिसेंबर ज्या वाराने सुरू होतो, त्याच वाराने सप्टेंबरही सुरू झालेला असतो. मुले पाने उलटून पाहतात, गेल्या वर्षीची दिनदर्शिका मिळाली तर तीही पाहतात, आणि ते दरवर्षी असेच असते. सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे ३० मिळून ९१ दिवस होतात, आणि ९१ म्हणजे बरोबर १३ आठवडे. सातचा पाढा दहापाशी थांबतो असे समजणाऱ्या मुलांना सात तेरे एक्याण्णव पाठ करायला सांगावे लागत नाही. वर्षाचा पहिला आणि शेवटचा दिवस एकाच वारी का येतो आणि लीप वर्षात तसे का होत नाही, हा प्रश्न मी लवकर आवरणाऱ्या मुलांसाठी ठेवते. ३६५ ला सातने भागले की एक उरतो, आणि न शिकवलेला भागाकार अशा रीतीने मागच्या दाराने वर्गात येतोच.

१७ डिसेंबरला आम्ही मैदानावर जातो. १९०३ साली याच दिवशी अमेरिकेतल्या किटी हॉक गावाजवळ राइट बंधूंचे यंत्र स्वतःच्या इंजिनाच्या बळावर उडाले. त्या पहिल्या उड्डाणाचे आकडे चौथीच्या मुलांसाठी मुद्दाम योजल्यासारखे आहेत: वेळ बारा सेकंद, अंतर १२० फूट. हे वाचून दाखवले तर मुले माना डोलावतात आणि विसरतात. दोरीने मोजून मैदानावर १२० फुटांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या, दोन टोकांना दोन मुलांना उभे केले की मात्र वर्ग गप्प होतो, कारण अंतर लाज वाटण्याइतके कमी दिसते. त्यानंतर अपेक्षित तेच घडते. कोणीतरी म्हणते, ‘बाई, मी याच्या आधी पोचेन.’ आणि ते पोचतेच. बारा सेकंदांत १२० फूट म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटर, आणि चौथीतले बहुतेक मूल एवढ्या अंतरापुरते त्याहून वेगाने पळते. विमानाला हरवल्याचा आनंद ओसरला की मग वाऱ्याचे सांगायचे: त्या दिवशी समोरून जोराचा वारा होता, त्यामुळे यंत्र हवेतून बरेच वेगाने जात असूनही जमिनीवर अंतर कमी कापले गेले. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणात ते ५९ सेकंदांत ८५२ फूट गेले. हे अंतर आमच्या मैदानात मावत नाही, म्हणून ते १२० फुटांच्या किती पट आहे याचा अंदाज करायचा. त्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटले, मोडले आणि पुन्हा कधीही उडाले नाही. मुलांना सर्वांत जास्त काळ लक्षात राहते ते हेच.

२२ डिसेंबर हा गणितज्ञ रामानुजनांचा जन्मदिवस. त्या दिवशी १७२९ची, म्हणजे दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येणाऱ्या सर्वांत लहान संख्येची, गोष्ट सांगण्याची प्रथाच पडली आहे, पण माझ्या मते ती गोष्ट मोठ्यांसाठी आहे. ज्यांना घन म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांच्यासमोर दोन घनांच्या बेरजेचे कौतुक करण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी मी फळ्यावर सोळा घरांचा चौरस काढते. पहिल्या ओळीत २२, १२, १८, ८७, म्हणजे त्यांची जन्मतारीखच. दुसऱ्या ओळीत ८८, १७, ९, २५. तिसऱ्या ओळीत १०, २४, ८९, १६. चौथ्या ओळीत १९, ८६, २३, ११. आडव्या, उभ्या आणि तिरप्या सगळ्या बेरजा १३९ येतात. मी काही घरे रिकामी ठेवते आणि ती भरता भरता वजाबाकीचा जेवढा सराव होतो, तेवढा वहीतल्या वीस उदाहरणांनीही होत नाही.

या सगळ्यांत एकच उपक्रम महिनाभर चालतो. तोही साखळीचा नाही, कारण जो हजर असेल त्याने त्या दिवसापुरते मोजायचे असते. मैदानाच्या कडेला एक मीटरची काठी उभी रोवलेली आहे. दुपारी तिची सावली दिवसातली सर्वांत आखूड होते, त्या वेळची लांबी आणि घड्याळातली वेळ तक्त्यावर लिहायची. विषुववृत्ताच्या उत्तरेला ही दुपारची सावली २१ किंवा २२ डिसेंबरला वर्षातली सर्वांत लांब असते, कारण पृथ्वीच्या सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेल्या आसाचे उत्तरेकडचे टोक त्या वेळी सूर्यापासून सर्वांत दूर झुकलेले असते. पुस्तकात एवढेच आहे. तक्त्यावर त्याहून जास्त दिसते. महिन्याच्या सुरुवातीला रोज थोडी थोडी वाढणारी सावली पुढे रेंगाळते, आणि २१ तारखेच्या आजूबाजूला आमच्या पट्टीवर काही फरकच पडत नाही. ‘सावली थांबली’ असे मुले म्हणतात, आणि मी ते दुरुस्त करत नाही. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. सर्वांत आखूड सावलीची वेळ रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे सरकते. एका दिवसाचा फरक कोणालाही दिसत नाही, पण दहा दिवसांनी तो पाच मिनिटांच्या जवळ जातो आणि घड्याळ बिघडले आहे की काय, यावर वर्गात वाद होतो.

हे सारे करताना आवाज लागतो, आणि डिसेंबरात तोच नसतो. तालमीच्या ढोलकीवर चढून बोलायचे, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे बोलायचे, त्यात वर्गातली सर्दी आपल्यालाही लागलेली. साबणाने हात धुणे, शिंकताना तोंड कोपरात झाकणे हे सगळे शिकवून झाले, तरी चाळीस मुले बंद खिडक्यांच्या खोलीत एकत्र बसली की विषाणूंना आमंत्रण लागत नाही. म्हणून गारठा असला तरी मी खिडक्या उघड्या ठेवते, आणि त्यावरून पालकांशी होणारा संवाद हा वेगळाच विषय आहे.

घरी पोचते तेव्हा घशात खरखर तेवढी उरलेली असते. माझी मुलगी तिसरीत आहे, दुसऱ्या शाळेत. तिने एकदा अगदी सहज सांगितले, ‘आई, तू शाळेतल्या आवाजात बोलू नकोस, मी एकटीच आहे इथे.’ चाळीस जणांना उद्देशून दिलेली सूचना एकाच मुलीला देण्याची सवय शिक्षकांच्या घरांत सर्रास असावी. आता संध्याकाळचा काही वेळ आमच्या घरी चिठ्ठ्यांवर चालतो. मी लिहिते, ती वाचते आणि उत्तर लिहिते. तिला हा खेळ वाटतो, माझ्या घशाला विश्रांती मिळते, आणि तिचे ऱ्हस्व-दीर्घ मला न बोलता कळते. चिठ्ठीवर लाल खूण करायची नाही, असा तिने घातलेला नियम मी पाळते.

घरातही मी डिसेंबरात एका संध्याकाळी संपणारीच कामे काढते. कपाटाचा एक खण आवरायचा, सगळे कपाट नाही. एका बाकावरच्या मुलांच्या वह्या तपासायच्या, गठ्ठा नाही. यांना हे पटत नाही. काम एकदा धरले की तडीस न्यावे, असा त्यांचा स्वभाव आहे, आणि त्यामुळे दर सुट्टीत आमच्याकडे काहीतरी अर्धवट उसवलेले पडून असते. झोपेबाबत मात्र आमचे एकमत आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते, आणि तालमी कितीही लांबल्या तरी ती त्यातून कापायची नाही. ज्या मुलांची ती कापली जाते, ती सकाळी पहिल्या तासाला ओळखू येतात.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. दक्षिणेकडच्या खिडकीजवळची खुर्ची ही त्यांची जागा. काठीच्या सावलीबद्दल मी बोलत असताना ते म्हणाले की मैदानावर जायची गरजच काय, जूनमध्ये खोलीत न शिरणारे ऊन डिसेंबरात त्यांच्या खुर्चीच्या मागच्या पायापर्यंत येते. सूर्य आकाशात खालून गेला की ऊन खोलीत आतपर्यंत येणार, हे उघड आहे. मी ते वर्षानुवर्षे पाहूनही काठीच्या सावलीशी जोडले नव्हते. तेव्हापासून नात खडूने फरशीवर उन्हाची कड आखते आणि आजोबा वेळ सांगतात. त्या दोघांनाही वेळ पुढे सरकताना दिसली, आणि बाबांनी कारण विचारले. मी सांगितले ते असे: पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जवळ असताना ती कक्षेत अधिक वेगाने सरकते, त्यात आसाच्या कलाचाही परिणाम मिळतो आणि एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा वेळ डिसेंबरात चोवीस तासांहून किंचित जास्त भरतो. ‘जवळ असताना थंडी?’ असे बाबांनी विचारले. वर्गातही हा प्रश्न दरवर्षी येतो. जुलैतले अंतर १५ कोटी २१ लाखांच्या घरात असते, म्हणजे फरक तसा थोडा; थंडी-उन्हाळा किरणांच्या तिरपेपणावर आणि दिवसाच्या लांबीवर ठरतो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पटल्याचे कबूल केले नाही.

याच सरकण्यामुळे सर्वांत लहान दिवस उलटल्यावरही सूर्योदय जानेवारीत काही दिवस उशिराच होत राहतो. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी मी मुलांना एवढेच काम दिले आहे: वर्तमानपत्रातल्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा जमतील तेवढ्या दिवसांच्या दोन रकान्यांत लिहून आणायच्या. पुष्कळ मुले विसरतील, काहीजण सुट्टी संपायच्या आदल्या रात्री सगळे आकडे एकदम भरतील. चार-पाच वह्या खऱ्या आल्या तरी एका तासाचे काम भागते. त्यानंतर दोन अंकी भाजक घ्यायचा आहे आणि तोवर सगळा वर्ग जागेवर आलेला असेल.